सिस्टरबाईंना विचारा : हन्ना त्या वर्षी शिलोला गेली नाही

(या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राने बरीच जागा खाल्ली, बाकीच्या दोघांनी समजून घ्यावं.)

प्रश्न : सिस्टरबाई, ख्रिस्तात सलाम. माझं माहेर जालन्याचं, लग्नानंतर वास्कोला आले. मुलगा पाच वर्षांचा, केजीत जातो. मुलगी दहा महिन्यांची. बी.एस्सी. केमिस्ट्री करून मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते, धाकटीच्या वेळी सोडलं. मिस्टर शिफ्ट ड्युटीवर. घरात मोठं माणूस कोणी नाही.

दिवस कसा जातो ते सांगू? पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजतो तेव्हा मी उठलेलीच असते, कारण नीट झोपलेलीच नसते. डबा, दूध, युनिफॉर्म. पावसात युनिफॉर्म वाळत नाही. ओला शर्ट इस्त्रीने सुकवते, तरी कुबटपणा राहतो आणि मुलगा नाक मुरडून म्हणतो, "मम्मी, वास येतो." ऊन पडलं की खिडकीच्या कठड्यावर बंदरावरच्या कोळशाची पूड. सकाळी पुसावं, संध्याकाळी बोट फिरवावं तर पुन्हा काळं. धाकटी त्यातच रांगते. कंपनीत निघताना रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं, आज अमुक बॅच तपासली, खाली माझी सही. इथे रात्री मागे वळून बघितलं तर दाखवायला काही नाही.

पवित्र शास्त्र उघडलं की डोळा लागतो. रविवारी उपासनेत मुलगी किरकिरते म्हणून मी बाहेर व्हरांड्यात, संदेश अर्धामुर्धा ऐकू येतो. मातृदिनाला पाळकसाहेबांनी नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय, सद्गुणी स्त्रीच्या वर्णनाचा, वाचला आणि प्रत्येक आईला गुलाब दिला. सगळ्या हसत होत्या, मला रडू फुटलं. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "प्रत्येक काम प्रभूसाठी करतेस असं समज, मग बघ." लादी पुसताना तसं मनात म्हणून पाहिलं. लादी लादीच राहिली. माझ्या विश्वासात खोट आहे का?
— एक आई, वास्को

उत्तर : लादी लादीच राहणार गं. (मुलीच्या वयाची आहेस म्हणून 'तू' म्हणते, चालेल ना?)

तुझ्या विश्वासाकडे नंतर येऊ. मी सारा जन्म वॉर्डात नर्स म्हणून काढलेली बाई, मला पत्रातसुद्धा आधी पेशंट दिसतो. त्यामुळे वचन देण्याआधी चिठ्ठी देते : हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतं, अंगातलं रक्त कमी होतं, आणि ही दुखणी आपलं नाव सांगत येत नाहीत. कधी आळस म्हणून येतात, कधी चिडचिड म्हणून, आणि आपल्या मंडळींत 'हिची भक्ती थंडावली' म्हणून. बाळंतपणानंतरची उदासीही पहिल्या महिन्यातच येते असं नाही, वर्षभरात कधीही डोकं वर काढते. सलग दोन आठवडे मन उठत नसेल, बाळाने हसून हात पुढे केले तरी आत काही हलत नसेल, किंवा 'आपण नसलो तर बरं' असं एकदा जरी मनात येऊन गेलं असेल, तर वाट बघत बसू नकोस. १४४१६ हा टेलि-मानसचा, मनाच्या दुखण्यांसाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांना भेटलीस तर आणखी चांगलं. आणि मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं, असं कुणी म्हणालं तर त्यांना माझा पत्ता दे.

हे मी पदरचं सांगत नाही. एलीया आठव, १ राजे १९. कर्मेल डोंगरावर सगळ्या लोकांदेखत आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलेला संदेष्टा, दुसऱ्याच पानावर एका झुडपाखाली बसून म्हणतो, प्रभो, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. 'ऊठ, खा' म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि परत आडवा होतो. देवदूत त्याला झोपू देतो! दुसऱ्यांदा उठवतो तेही खायलाच, कारण वाट लांबची आहे. देवाची ती मंद वाणी ऐकण्याचा प्रसंग याच्या चाळीस दिवसांनंतरचा. आपण बायकांना उलट क्रमाने सांगतो, आधी वाणी ऐक, मग जेवायला मिळेल. शास्त्र उघडल्यावर तुला झोप लागत असेल तर झोप. खुशाल झोप.

आता हन्ना, शमुवेल संदेष्ट्याची आई. तिचं नाव घेतलं की आपल्याला मंदिरात ओठ हलवत रडणारी बाई आठवते, जिला एली याजकाने प्यालेली समजलं. पुढची चार-पाच वचनं आपण घाईने ओलांडतो. शमुवेल झाला. वार्षिक यज्ञाची वेळ आली, सगळं घर शिलोला, त्या मंदिराच्या गावी, जायला निघालं, आणि हन्ना गेली नाही. नवऱ्याला म्हणाली, मुलाचं दूध सुटेपर्यंत मी येत नाही. एलकाना म्हणाला, तुला बरं वाटेल ते कर. १ शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात २२ आणि २३वं वचन बघ. त्या काळी अंगावरचं दूध दोन-तीन वर्षं चालायचं, म्हणजे बाईच्या एकाहून जास्त यात्रा बुडाल्या असणार. ज्या देवाच्या दारात रडून मूल मागितलं, त्याच्याच दारी ती जात नाही. का, तर मुलाला पाजायचंय. आणि अख्ख्या शास्त्रात त्याबद्दल तिच्यावर एका शब्दाचा ठपका नाही. तुझे व्हरांड्यातले रविवार बुडीत खात्यात गेले असं कुणी ठरवलं?

व्हरांड्यावरून आठवलं. पाळकसाहेबांना माझा सलाम सांग आणि म्हणावं, पुढच्या मातृदिनाला गुलाब नकोत. त्याऐवजी मंडळीतल्या ज्या मावशांची पोरं नोकरीला दूर गेली आहेत, त्यांची यादी करा आणि आळीपाळीने एकीने एका रविवारी एक मूल तासभर सांभाळायचं ठरवा. पाहिजे तर ही माझी सूचना छापील दाखव.

हन्नाचं अजून संपलेलं नाही. शमुवेलाला नवसाप्रमाणे देवाच्या सेवेसाठी शिलोला ठेवून आल्यावर ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेई. दुसऱ्या अध्यायात १९वं वचन, एवढंच. पण जरा थांबून बघ. भेट वर्षातून एकदा. झगा शिवायला बसली तेव्हा माप घ्यायला मूल समोर नाही. गेल्या वर्षी एवढा होता, आता खांद्यात किती भरला असेल, बाही किती सोडावी, खाली किती दुमडून ठेवावं, सगळं अंदाजाने. शेजारच्या त्याच वयाच्या पोराला उभं करून तिने माप घेतलं असेल, असं आपलं मला वाटतं. हे माझं, शास्त्रातलं नव्हे. आणि वर्षभराने तो झगा आखूड. परत नवा. तुझ्या कठड्याइतकंच न संपणारं काम! शमुवेलाच्या पुस्तकात लढाया आहेत, राजे आहेत, पलिष्टी आहेत, कराराच्या कोशाची पळवापळवी आहे. त्या सगळ्या धामधुमीत लिहिणाऱ्याने एका पोराच्या कपड्याला जागा दिली. तू रजिस्टर नाही म्हणतेस म्हणून सांगितलं.

मुलांच्या वॉर्डात पलंगाच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगलेला असायचा. मी नाइटला दर चार तासांनी त्यात आकडा भरायची, १०३, १०२, १०१, खाली माझी सही. रात्रभर कपाळावरची ओली पट्टी बदलत बसलेली असायची आई. कागदावर तिचं नाव कुठेच नाही. सकाळी डॉक्टर येऊन तक्ता बघून म्हणायचे, "छान, औषध लागू पडलं." औषध लागू पडायचंच, पण पोरगं डोळे उघडून पहिल्यांदा तक्त्याकडे बघायचं नाही. तुला तुझ्या सहीची आठवण येते यात काही गैर नाही, मलाही निवृत्तीनंतर आली. फक्त सही नाही म्हणजे काम झालंच नाही, असं समजू नकोस.

आता त्या बाईंनी दिलेलं वचन. कलस्सैकरांस ३:२३. वचन खरंच आहे, पण पौलाने ते कुणाला लिहिलं ते बघ, वरच्याच ओळीत आहे : दासांना. रात्रंदिवस राबून ज्यांच्या नावावर काही जमा होत नव्हतं, अशा माणसांना. पौल त्यांना काम गोड मानून घ्या म्हणत नाही. तुमचा धनी प्रभू आहे आणि वतन तो देणार, असं म्हणतो. म्हणजे त्या वचनाने लादीला सुगंध सुटायचा नाही. कुणी तरी बघतंय आणि त्याचा हिशेब पक्का आहे, एवढंच त्यात आहे आणि माझ्या मते तेवढं भरपूर आहे. काही कामं नुसती कामं असतात. ती गाणं म्हणत उरकली तरी चालतात, चिडून उरकली तरी चालतात. दर वेळी मनात भक्तिभाव दाटून आला पाहिजे हा नवा जाच कशाला? तुला अर्थ शोधायचाच असेल तर लादीत नको शोधूस. लादीवर रांगत येणारी आहे ना, काळे तळहात घेऊन, तिच्याकडे बघ.

नीतिसूत्रे ३१ ऐकून तुला रडू आलं, याचं मला मुळीच नवल नाही. दर मातृदिनाला तो अध्याय वाचतात आणि दर मातृदिनाला निम्म्या बायका आपण नापास झाल्यासारख्या घरी जातात. अगं, ती कविता आहे. दहाव्या वचनापासून पुढे बावीस कडवी, इब्री भाषेतल्या बावीस अक्षरांनी क्रमाने सुरू होणारी. कुणा एका बाईच्या एका दिवसाचं ते वेळापत्रक नव्हे. शिवाय अध्यायाच्या पहिल्या वचनात स्पष्ट लिहिलंय की हे लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलं. सासू म्हणून ती काय काय मागेल, तिला थोडीच करायचंय! आणि पंधरावं वचन वाचलंस का? त्या सद्गुणी स्त्रीच्या घरात दासी होत्या. आधी दासी आणून द्या, मग पहाटे उठून सूत कातते, असं पाळकसाहेबांना सांगायला हरकत नाही. यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी नवरा हीच कविता बायकोसमोर म्हणतो, तिचे आभार म्हणून. आपल्याकडे मात्र ती बायकांना ऐकवायची यादी झाली.

नवऱ्यावरून सांगते. तुझ्या पत्रात मिस्टर एका ओळीत येतात आणि शिफ्टला निघून जातात. त्यांना योहानाचा एकविसावा अध्याय वाचायला दे. शिष्यांना रात्रभर जाळी टाकून काही मिळालेलं नाही, पहाटे प्रभूच्या सांगण्यावरून जाळं टाकतात आणि माशांनी भरलेलं ते ओढत किनाऱ्याला येतायत. मरणातून उठलेला प्रभू तिथे कोळशाचा विस्तव करून मासे भाजत बसलाय, भाकरही आहे, आणि म्हणतो, या, न्याहारी करा. मरणावर जय मिळवून आलेला देवाचा पुत्र स्वयंपाक करतो! गोव्याच्या किनाऱ्यावर राहून तरी आपल्या पुरुषांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला अवघड जाऊ नये. घरकाम ही सेवा आहे, ते पवित्र आहे, असं आपण म्हणतो ना? मग त्या पावित्र्यात मिस्टरांचाही वाटा असू दे. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळचा डबा आणि मोठ्याला शाळेत सोडणं त्यांचं. नाइट करून आले तर त्यांना झोपू दे, पण उठल्यावर धाकटीला घेऊन तासभर बाहेर त्यांनी जायचं, आणि त्या तासात तू भांडी घासायची नाहीस. दार लावून झोपायचं. हे भांडून सांगू नकोस, पण गोड करूनही सांगू नकोस. ठरवून सांग.

नोकरीचं तू विचारलं नाहीस, पण पत्रातली सगळ्यात जिवंत ओळ बॅच तपासण्याची आहे. परत जावंसं वाटणं पाप नाही. ती एकतिसाव्या अध्यायातली बाई शेत बघून विकत घेते, तागाची वस्त्रं करून विकते. धाकटी थोडी मोठी झाली की अर्ज कर. २०१७ पासून कायद्याने पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला पाळणाघराची सोय करावी लागते. मुलाखतीत निर्धास्त विचार. आणि परत न जावंसं वाटलं तर तेही ठीक, त्यासाठी कुणाला कारण द्यायला बांधील नाहीस.

युनिफॉर्मचं राहिलं. धुतलेला शर्ट कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून तो टॉवेल पीळ, मग हँगरवर पंख्याखाली लाव. सकाळपर्यंत टेरिकॉट सुकतो. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं की कुबट वासही जातो. नर्सिंगच्या होस्टेलमध्ये पावसाळ्यात आमचे पांढरे गणवेश आम्ही असेच वाळवायचो.

प्रश्न : आमच्या घरी रात्री जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थनेचा नियम आहे, माझ्या वडिलांपासूनचा. हल्ली मुलं (नऊ आणि सहा वर्षं) पेंगतात, भांडतात. बायको म्हणते, "मला ओटा आवरायचाय, तुम्ही सुरू करा." आई हीच मुलांच्या विश्वासाचा पाया असते ना? पौलाचा शिष्य तीमथ्य, त्याला त्याच्या आईने आणि आजीने घडवलं. बायकोला हे कसं पटवून द्यावं?
— एक वडील, मडगाव

उत्तर : तुम्हीच आणलेल्या तीमथ्यापासून सुरुवात करू. पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो, बरोबर. आता प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय उघडा. तीमथ्याचा बाप ग्रीक होता. आईचा उल्लेख विश्वास ठेवणारी म्हणून येतो, बापाचा तसा येत नाही. म्हणजे त्या घरात बाप यात नव्हता, म्हणून सगळं त्या दोघींवर पडलं. तुमच्या घरात, देवाच्या कृपेने, बाप आहे. त्याने कामाला लागावं.

बायको 'तुम्ही सुरू करा' म्हणतात त्यात मला तरी अधर्म दिसत नाही. त्या प्रार्थना नको म्हणत नाहीत, ओटा माझ्याच गळ्यात का, एवढंच विचारतायत, आणि तेही फार सौम्यपणे. आठवडाभर ओटा तुम्ही आवरा आणि त्यांना मुलांबरोबर सुरू करू द्या. मग पुढचं पटवायचं काय उरतं ते बघू.

वेळही बदला. जेवणानंतर पेंगणाऱ्या सहा वर्षांच्या पोराकडून तुमच्या वडिलांच्या मापाची प्रार्थना होणार नाही. मडगावात राहता, संध्याकाळी जवळच्या इगर्जीची (चर्चची) घंटा ऐकू येत असेलच. शेजारचे कॅथलिक लोक तेव्हा हातातलं काम थांबवून देवदूताने मरीयेला दिलेला निरोप आठवतात. आपण प्रोटेस्टंट म्हणून ती घंटा ऐकायची नाही असं कुठे लिहिलेलं नाही. घंटा झाली की जिथे असाल तिथे उभं राहून एक स्तोत्राची ओळ, एकेकाने एका गोष्टीचे आभार, आणि प्रभूची प्रार्थना. पाच मिनिटांत उरका. मुलगा अभ्यास सोडून उठेल, तुम्ही मोबाइल सोडून उठा. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देव मुलांना शिकवायच्या जागा सांगतो : घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता. जेवणानंतर अर्धा तास सतरंजीवर, असं त्यात नाही. तुमच्या वडिलांचा नियम चांगलाच होता, पण तेव्हा मुलं आठला उठत नव्हती, सहाला उठून शेतावर जात होती आणि रात्री साडेसातला जेवत होती. घड्याळ बदललंय.

प्रश्न : मी वसईची कॅथलिक, सासर बार्देशात, म्हापशाजवळ. सासरी संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कोकणीत होते. मी तीन वर्षांच्या मुलीला झोपवताना मराठीतून प्रार्थना म्हणते, माझ्या आईने म्हटली तशी. सासूबाई म्हणतात, "पोरीचा गोंधळ होतो, गोंयात मराठीतून मागणें कोण करता?" वाईट वाटतं. दिवसभरात तिच्याबरोबर तेवढाच वेळ मला माझा वाटतो. सोडून देऊ का?
— एक सून, म्हापसा

उत्तर : मुळीच सोडू नका.

'कोण करता' याचं उत्तर चारशे वर्षांपूर्वीचं आहे, आणि तेही गोव्यातल्याच सासष्टीतलं. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यात आला, राहिला आणि इथल्या नवख्रिस्ती लोकांसाठी येशूचं चरित्र त्याने मराठी ओव्यांत लिहिलं. 'क्रिस्तपुराण', सुमारे अकरा हजार ओव्या, १६१६ साली सासष्टीतल्या रायतूरला छापलेलं. त्याच माणसाने धर्मशिक्षणाची पुस्तिका लिहिली ती कोकणीत. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. म्हणजे एकाच पाद्रीने दोन्ही भाषांत काम केलं आणि त्याचा गोंधळ झाला नाही. तुमच्या लेकीचाही होणार नाही. लहान मुलं कुठल्या माणसाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. वॉर्डात तीन-चार वर्षांची पोरं माझ्याशी मराठीत, आजीशी कोकणीत आणि डॉक्टरांशी, सुई बघितली की, कुठल्याच भाषेत बोलत नसत.

पण सासूबाईंशी हा वाद इतिहास सांगून जिंकू नका. तेर्स त्यांची आहे, तिथे मुलगी त्यांच्या मांडीवर बसू दे आणि कोकणीतूनच म्हणू दे. तुम्हीही म्हणा. उच्चार चुकले तर त्यांना सुधारू द्या, त्यांना ते आवडेल. झोपायची वेळ तुमची. तिथे दार लोटून घ्या आणि तुमच्या आईची प्रार्थना तुमच्या आईच्या चालीत म्हणा. सासूबाईंनी दाराबाहेरून ऐकली तरी ऐकू द्या.

एक व्यवहाराचं. पहिल्या कम्युनियनची शिकवणी बऱ्याच पॅरिशांत कोकणी किंवा इंग्रजीत असते. तुमच्याकडे कशी आहे ते फादरांना आत्ताच विचारून ठेवा, म्हणजे शाळेत घालायच्या वेळी घरात पुन्हा हाच विषय निघणार नाही.